बिअर-बैठक: चार ग्लास, चार राग (प्रकल्प नोंदी)

७ जून २०२५, शनिवार

तर ठरलंय एकदाचं. श्रावण लागायच्या आत घरी एक बैठक करायची, चार क्राफ्ट बिअर आणि प्रत्येकीसोबत एक राग, आणि राग असा निवडायचा की बिअर प्यायला मजा येईल आणि राग ऐकायलाही. फ्यूजन वगैरे नकोय, लाउंज म्युझिक तर अजिबात नको.

हे डोक्यात आलं कारण आपल्याकडे बिअर सुधारली पण तिच्यासोबत जे वाजतं ते काही सुधारलं नाही. २००९ ला दुलालीने पुण्यात मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागच्या जागी बिअर बनवणारी छोटी ब्रुअरी, काढली, त्याला आता सोळा वर्षं झाली, पुणेकर आता टॅपसमोर उभं राहून सेझों का पोर्टर असा घोळ घालतात, पण डोक्यावर स्पीकर तोच धडधडणारा. बिअरमधला संत्र्याच्या सालीचा वास शोधायचा आणि कानात कुणीतरी ड्रम मशीन आपटतंय, कसं जमायचं.

श्रावण २५ जुलैला लागतोय. गटारी २४ ला, पण तो गुरुवार, ऑफिस आहे. म्हणून शनिवार १९ जुलै. माणसं कमीच: दादा-वहिनी, मावसबहीण ताई, ऑफिसमधले दोघं, नवरा आणि मी. आणि वरच्या मजल्यावरचे काका, जे दारूला शिवत नाहीत पण ज्यांच्याशिवाय हे होणारच नाही. काका बँकेतून रिटायर, सतार वाजवतात, कार्यक्रम-बिर्यक्रम नाही, घरीच, पण रोज पहाटे.

१० जून

थोडं वाचून काढलं. हा विषय मी समजत होते तेवढा हवेतला नाहीये. ऑक्सफर्डचे चार्ल्स स्पेन्स आणि त्यांच्या सोबतचे लोक बरीच वर्षं आवाजाचा चवीवर काय परिणाम होतो यावर काम करतायत. ढोबळमानाने असं की उंच सूर ऐकले की माणसाला गोड आणि आंबट आठवतं, आणि खालचे सूर, ब्रास वाद्यांचे वगैरे, ऐकले की कडू. २०१२ मध्ये त्यांनी कडू-गोड टॉफी खायला देऊन दोन वेगवेगळे आवाज ऐकवले, तर एकीकडे लोकांना तीच टॉफी जास्त कडू लागली आणि दुसरीकडे जास्त गोड. टॉफी तीच हां.

बिअरवरही झालंय. ब्रसेल्स बिअर प्रोजेक्टने एडिटर्स नावाच्या इंग्लिश बँडसोबत एक पोर्टर, म्हणजे काळपट बिअर, केली होती, अर्ल ग्रे चहा घालून, आणि तिच्यावर २०१६ ला एक पेपर आला. दोनशेच्या वर लोकांना पाजली. लेबल बघून आणि त्या बँडचं गाणं ऐकत ज्यांनी प्यायली त्यांना ती नुसतं लेबल बघून पिणाऱ्यांपेक्षा जास्त आवडली. यावर नवरा म्हणाला की मग बँडचा फॅन असेल त्याला आवडणारच की. बरोबर आहे त्याचं. म्हणून आपल्याकडे लेबल दिसणार नाही, कॅन स्वयंपाकघरातच उघडायचे आणि ग्लास बाहेर आणायचे.

वाइनवरचा एक अभ्यास पण सापडला, त्यात लोकांनी वाइनला तेच गुण चिकटवले जे मागे वाजणाऱ्या संगीताचे होते. भारदस्त संगीत लावलं की वाइन भारदस्त. मला हेच जरा खटकतं. "उदास राग म्हणून काळी बिअर", "पावसाळी राग म्हणून ताजी बिअर" असं कुणीही जुळवेल, ते मूडचं मॅचिंग झालं, साडीवर ब्लाउज. मला काहीतरी आतलं सापडायला हवंय.

१५ जून, रविवार

काकांकडे गेले. आधी त्यांनी ऐकूनच घेतलं नाही, म्हणाले, "रागाला चखणा करतेस होय?" मग काकूंनी कोकम सरबत आणलं आणि जरा शांत झाले. मी त्यांना ते उंच सूर-खालचे सूर सांगितलं तेव्हा मात्र सावरून बसले.

म्हणाले, तुला हे खरंच तपासायचं असेल तर मारवा, पूरिया आणि सोहनी घे. तिन्हींत स्वर तेच, सा, कोमल रे, ग, तीव्र म, ध, नी, पंचम तिन्हींत वर्ज्य. पण पूरिया खाली मंद्रात रमतो, त्याचे ग आणि नी महत्त्वाचे. सोहनी वर तार षड्जाच्या आसपास खेळते. आणि मारवा मध्ये, कोमल रे आणि ध वर जोर, आणि सा ला मुद्दाम टाळत राहायचं.

मी तिथेच जवळजवळ ओरडले. कारण याहून चांगला कंट्रोल मिळणार कुठे? त्या परदेशातल्या अभ्यासांत आवाजाचा पोतच वेगळा असतो, इकडे पियानो तिकडे ट्रॉम्बोन. इथे एकच सतार, एकच माणूस, स्वरही तेच, फक्त सप्तक बदललं.

मग अडचण. काका संध्याकाळी सोहनी वाजवणार नाहीत. सोहनी रात्रीच्या शेवटच्या प्रहराची. मी म्हटलं, काका, प्रयोगापुरतं? "प्रयोगापुरतं सकाळी झोपतेस का तू?" विषय संपला. पण जाताना म्हणाले की पहाटे रियाझाला वाजवेन तेव्हा मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवतो.

१८ जून

पहाटे पावणेपाचला व्हॉट्सअ‍ॅपवर सोहनी आली. ऑडिओ म्हणून आली त्यामुळे आवाज पार चेपलेला, त्यांना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला शिकवलं. सोबत पूरियाही, तो आदल्या संध्याकाळी वाजवलेला. मागे मोबाईलचाच तानपुरा आणि पाऊस. यंदा मे मध्येच सुरू झालाय तो थांबायचं नाव नाही.

२२ जून, रविवार

चाचणी. दादा आणि ताई. पालखी आज सकाळी शहरातून बाहेर पडली त्यामुळे दादा जेवणाच्या वेळेला पोचला, ट्रॅफिकवर तासभर बोलला, मग बसला.

एकच आयपीए (इंडिया पेल एल, कडवट बिअर), चार छोट्या ग्लासांत, दोघांना सांगितलं की दोन वेगळ्या बिअर आहेत. एकीवर पूरिया, दुसरीवर सोहनी, आणि ताईला उलट्या क्रमाने, म्हणजे पहिला घोट नेहमी छान लागतो तो गोंधळ नको. डोळे मिटून.

दादाचं उत्तर: पूरियावाली "काढा आहे गं हा, अडुळसा", सोहनीवाली "हिच्यात संत्र्याची साल आहे, ही चांगली आहे, ही आण". एकाच कॅनमधली होती. सांगितल्यावर विश्वास बसेना त्याचा, स्वयंपाकघरात जाऊन कॅन मोजून आला. ताईला काहीच फरक वाटला नाही, ती म्हणाली दोन्ही कडूच आहेत आणि मला भूक लागलीये. तर पुरावा म्हणून हे कुठेही टिकणार नाही, पण दादाचा चेहरा बघून मला पुरेसं आहे.

खरा शोध मात्र दुसराच लागला. ताई ग्लास ठेवून बराच वेळ गप्प बसली होती, मी विचारलं काय झालं, तर "थांब, जातच नाहीये ते". कडवटपणा म्हणत होती. हॉप्सचं, म्हणजे बिअरला कडू करणाऱ्या त्या फुलांचं, असंच असतं, गिळल्यावर संपत नाही, जिभेच्या मागे चिकटून बसतं आणि हळूहळू उतरतं. आणि मागे पूरियाचा आलाप चालू होता, तोही संपत नव्हता. म्हणजे मूड-बिड जाऊ दे, बिअर गिळल्यावर चव किती रेंगाळते ते बघायचं आणि संगीत तेवढंच रेंगाळणारं घ्यायचं. ज्या बिअरची चव पटकन मिटते तिला द्रुत, जिची मागे राहते तिला विलंबित. माझ्या मते हे रंग-ऋतूच्या जुळवाजुळवीपेक्षा लाखपट बरं.

२५ जून

या नियमाने यादी:

गव्हाची बिअर, बेल्जियन धाटणीची, धणे आणि संत्र्याची साल घातलेली. ही जातच बंद पडली होती, पिएर सेलिस नावाच्या माणसाने १९६६ ला होगार्डन गावात पुन्हा सुरू केली, त्याआधी तो दूधवाला होता. चव हलकी, लगेच मिटते. हिला मधुवंती मध्यलयीत.

आयपीए. मारवा, फक्त आलाप, तबला नको.

कोकम गोझे. गोझे ही जर्मनीतल्या गोस्लार-लाइपझिगकडची आंबट-खारट गव्हाची बिअर, तिच्यात मीठ आणि धणे असतात, आणि इथल्या एका ब्रुअरने त्यात कोकम घातलंय. हे वाचून कोकणातला कुठलाही माणूस म्हणेल की म्हणजे सोलकढीच की, नारळ सोडून. आंबटपणा येतो आणि झटकन जातो. हंसध्वनी, द्रुत. हंसध्वनी मूळचा कर्नाटकी, भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांनी आपल्याकडे रुजवला. म आणि ध नाहीत त्यात, सगळं मोकळं, उजेड पडल्यासारखं.

स्टाउट. भाजलेल्या सातूची, कॉफीसारखी. हिला दरबारी, मंद्रात, तो आंदोलित गंधार. हे जमलं तर काय बहार येईल.

२८ जून

यादी काकांना दाखवली. दरबारी किती वाजता, विचारलं. मी म्हटलं साडेनऊ. "साडेनऊला दरबारी? बादशहा जेवतोय अजून."

आणि साडेअकरापर्यंत थांबता येणार नाही, दहानंतर सोसायटीत आवाज चालत नाही, बरोबरच आहे ते. दरबारी कटाप. रडू आलं थोडं. त्याजागी बागेश्री, नऊनंतर चालतो.

६ जुलै, आषाढी एकादशी

ड्राय डे. साबुदाण्याची खिचडी खाऊन क्रमावर बसलो, आणि इथे मोठा गुंता निघाला जो आधी कुणालाच दिसला नव्हता.

बिअरचा क्रम जिभेच्या हिशोबाने लागतो. हलकी आधी, मग आंबट, मग कडू, मग काळी. आयपीए लवकर प्यायली तर तिचा कडवटपणा पुढच्या दोन बिअर खाऊन टाकतो. रागांचा क्रम सूर्याच्या हिशोबाने लागतो. मारवा संधिप्रकाशाचा, सूर्य बुडताना, १९ जुलैला पुण्यात सूर्यास्त साधारण सव्वासातला. हंसध्वनी रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, म्हणजे मारव्यानंतरच. जीभ म्हणते गोझे आधी, आयपीए नंतर. सूर्य म्हणतो मारवा आधी, हंसध्वनी नंतर.

नवरा म्हणाला की यूट्यूबवर ऐकताना कोण घड्याळ बघतं, मी तर सकाळी आंघोळीला संध्याकाळचा भूप लावतो. काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा करायला उठला.

तासभर वाद झाला. मी म्हटलं दोन रागांची अदलाबदल करू. काका म्हणाले मग मला बोलावू नका, स्पीकर लावा. शेवटी काकूंनी, ज्या इतका वेळ तुळशीच्या माळेत दोरा ओवत होत्या, विचारलं की अहो कडू औषधानंतर आपण आवळा देतोच की मुलांना. आणि खरंच की! कडूनंतर आंबट-खारट चालेल का हे मी तपासलंच नव्हतं, सगळे म्हणतात म्हणून मी क्रम धरून बसले होते. मीठ कडवटपणा दाबतं, कारल्याला मीठ चोळून ठेवतो ते काय उगाच. गोझेत मीठ आहेच.

म्हणजे सूर्याचाच क्रम. उद्या तपासते, आज काही उघडता येत नाही.

७ जुलै

तपासलं. आयपीए, मग साधं पाणी, मग पाच मिनिटं गप्प, मग गोझे. पहिला घोट जरा विचित्र लागतो, धातूसारखा, दुसऱ्या घोटाला जीभ एकदम धुतल्यासारखी होते. उलट गोझे एकटी प्यायल्यापेक्षा आयपीएनंतर जास्त छान लागते असं माझं मत झालंय. नवऱ्याचंही.

१२ जुलै, शनिवार

सामान.

ब्लूटूथ स्पीकर बाद. तानपुऱ्याचा खर्ज त्याच्यातून येतच नाही, नुसती भुणभुण. काकांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी स्पीकर खाली आणले, दादाने आणि नवऱ्याने जिन्यातून, लिफ्ट आजच बंद. मारवा काका प्रत्यक्ष वाजवणार, बाकी तीन रेकॉर्डिंगवर, बागेश्री सरोदवर कारण स्टाउटला ती जाड तार हवी.

आवाज मोबाईलच्या मीटरवर ६५ डेसिबलच्या आसपास ठेवायचा. यालाही कारण आहे. निकोला गेगाँ नावाच्या फ्रेंच संशोधकाने २००८ ला बारमध्ये जाऊन बघितलं, संगीत ७२ डेसिबलला असताना लोकांना पाव लिटर बिअर संपवायला साधारण साडेचौदा मिनिटं लागत होती, ८८ ला नेलं तर साडेअकरा. मोठा आवाज म्हणजे जास्त खप, पबवाल्यांचा स्पीकर का वर असतो ते कळलं ना. आपल्याला उलटं हवंय, ८० मिली माणसाने वीस मिनिटं पुरवायला हवी.

ग्लास: भांड्याच्या साबणाचा थर राहिला की फेस टिकत नाही. मीठ लावून घासले, गरम पाण्याने धुतले, पुसले नाहीत, उपडे ठेवले. फरक एवढा की वहिनी बघायला आली होती ती म्हणाली माझे पण घासून दे. गव्हाची बिअर ओतताना शेवटचं बोटभर कॅनमध्ये ठेवायचं, कॅन आडवा करून ओट्यावर हलकेच फिरवायचा, तळाचं यीस्ट मिसळलं की ते वरून ओतायचं, तेव्हा तो ढगाळ रंग येतो आणि धण्याचा वास नाकाशी येतो.

तापमान: गव्हाची आणि गोझे फ्रीजमधून थेट. आयपीए दहा मिनिटं आधी बाहेर. स्टाउट अर्धा तास आधी, १० ते १२ अंशांना यायला हवी, गार स्टाउट म्हणजे गार कॉफीचं पाणी.

खायला: चिवडा, शेव, भजी सगळं बंद. तिखटाची आग हॉप्स आणि बुडबुड्यांनी अजून भडकते, मग मारवा काय ऐकणार, हाशहुश करणार. साधे कुरमुरे, भाजलेले शेंगदाणे बिनमिठाचे, ज्वारीची भाकरी तुकडे करून. पोटभर जेवण नंतर. ऑफिसमधल्या एकाने विचारलं, पनीर टिक्का चालेल का. नाही.

परवाने: दुकानातून सगळ्यांचे दारू पिण्याचे एक दिवसाचे घेतले, पाच रुपये माणशी. सगळे एकवीसच्या पुढचे आहेत, ताई तर फारच पुढची (ती हे वाचणार आहे). जाताना सगळे रिक्षाने.

१७ जुलै

आयपीएचे कॅन आणायला गेले तर दुकानात कॅन फ्रीजबाहेर रचलेले, तळाची तारीख जानेवारीची. हॉप्सचा वास सगळ्यात आधी मरतो, सहा महिने बाहेर ठेवलेल्या आयपीएत फक्त कडू उरतं. घेतले नाहीत. शेवटी ब्रुअरीतूनच ताजे मागवले, जूनच्या शेवटी भरलेले, थोडे महाग पडले, चालतंय.

२० जुलै, रविवार

झाली बैठक. डोकं ठीक आहे, ८० मिलीचा फायदा.

साडेपाचला सुरुवात. मधुवंती आणि गव्हाची बिअर: कुणाच्याही लक्षात आलं नाही. सगळे पावसातून आलेले, तहानलेले, ऑफिसमधल्या दोघांनी ग्लास दोन घोटांत संपवला आणि पुढचं काय म्हणून बघत बसले. मधुवंती बिचारी मागे वाजत राहिली. पहिल्या ग्लासाला राग लावण्यात अर्थ नाही, पहिला ग्लास गप्पांचा असतो.

सात वाजता काका खाली आले, झब्बा, सतार, काकू मागे. सूर्य काही दिसला नाही, ढग. दिवे लावू नका म्हणाले. सतार लावायला बराच वेळ घेतला, दमट हवेत तारा उतरत होत्या, तरफा, त्या खालच्या बारीक तारा, एकेक करत. आयपीए तोपर्यंत ओतायची नाही असं मी ठरवलं होतं, त्यांनी मान हलवली तेव्हा ग्लास आले.

मग मारवा. कोमल रे वर गेले आणि तिथेच. मग नी, मग ध, परत रे, सा च्या जवळ यायचे आणि बाजूने निघून जायचे. दादाला रागाचं ओ की ठो कळत नाही पण तो ग्लास ओठांपर्यंत नेऊन थांबला होता, पीतच नव्हता, नंतर म्हणाला मला वाटत होतं काहीतरी व्हायचंय अजून. एकदा सगळ्यांनी एक घोट घेतला असावा, ते कडू जिभेवर तसंच, आणि वर काकांची मींड खालून कोमल रे पर्यंत ओढत आणलेली, सुटत नव्हती. वहिनी डोळे मिटून कपाळाला आठ्या घालून बसली होती, मला वाटलं आवडलेलं नाही. शेवटी, खूप उशिरा, काका सा वर येऊन थांबले आणि वहिनीच्या तोंडून "हां" असं निघालं, एवढ्या मोठ्याने की काकाच हसले. ताई, जिला जूनमध्ये दोन्ही कडूच लागली होती, तिने दुसरा ग्लास मागितला. दिला नाही.

त्यानंतर पाणी, भाकरी, पाच मिनिटं, मग कोकम गोझे आणि हंसध्वनी द्रुत. हे जमणार होतंच. खोलीत एकदम आवाज वाढला, दिवे लागले, सगळे बोलायला लागले, ऑफिसमधला एकजण टेबलावर ठेका धरत होता, चुकीचा, पण धरत होता. काकांनी कोकम सरबत घेतलं, रंग तोच, फोटोत सगळे एकच पितायत असं दिसतंय.

बागेश्री आणि स्टाउट मात्र मध्यम. जोडी म्हणून वाईट नाही, स्टाउटची भाजलेली चव खूप वेळ राहते आणि सरोदचा विलंबितही, नियमात बसतं सगळं. पण मारवा प्रत्यक्ष ऐकल्यावर स्पीकरमधून काहीही आलं तरी ते फोटोसारखं. शिवाय भूक लागलेली, पिठल्याचा वास सुटलेला, कोण ऐकतंय. दरबारी असता तरी हेच झालं असतं, त्यामुळे त्याचं दुःख जरा कमी झालं.

पुढच्या वेळी बदल: पहिला ग्लास रागाशिवाय. जोड्या दोनच, मारवा-आयपीए आणि हंसध्वनी-गोझे, आणि दोन्ही प्रत्यक्ष वाजवलेल्या, म्हणजे तबल्याला माणूस शोधायला हवा. स्टाउट जेवणानंतर, आणि तिच्यासोबत काहीच नको.

२३ जुलै

काका जिन्यात भेटले. म्हणाले, सगळं संध्याकाळचंच का ठेवता, सकाळी ठेवा, तोडी ऐकवतो. मी म्हटलं काका सकाळी बिअर कोण पिणार. पण मग आठवलं की बव्हेरियात गव्हाची बिअर पांढऱ्या सॉसेजसोबत सकाळीच पितात, बाराच्या आत, तशी रीतच आहे तिकडची. आणि ती जर्मन गव्हाची बिअर म्हणजे वासाला केळं आणि लवंग, दोन्ही यीस्टमधून येतात, वरून काही घातलेलं नसतं. तोडीच्या अतिकोमल गंधारासोबत लवंग... कळत नाही, पण प्यायल्याशिवाय कळणारही नाही.

नवऱ्याचं म्हणणं, सकाळी नऊला बिअर प्यायलो तर माझ्या आईला तू सांगायचंस. श्रावण, मग गणपती, मग पितृपक्ष, त्यामुळे ऑक्टोबरच्या आधी काही होत नाही. तोवर ती बिअर पुण्यात ताजी कुठे मिळते ते बघून ठेवते आणि काकांना तबलजी विचारते.